शत्रूच्या राजाची खिडकी

नेदरलँड्समधलं गौडा हे गाव आपल्याला चीजमुळे माहीत आहे. आज त्या गावातल्या चर्चबद्दल बोलू. सिंट-यान्सकेर्क, म्हणजे संत योहानाचं चर्च. लांबी 123 मीटर, देशातलं सर्वांत लांब चर्च. त्यात 72 रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. त्यांतली एक स्पेनच्या राजाने भेट दिली, आणि त्याच स्पेनशी या लोकांनी पुढे 80 वर्षं युद्ध केलं. तरीही ती खिडकी आज जागेवर आहे. ती टिकली कशी, हा आपला आजचा विषय.

आधी इमारत समजून घेऊ. हॉलंडचा हा भाग पाणथळ. जमीन भुसभुशीत, वजन पेलत नाही. त्यामुळे या भागातल्या अनेक मोठ्या चर्चांवर दगडी घुमटी छत घालण्याऐवजी लाकडी कमानीचं छत घालत. गौडालाही तसंच आहे. छत हलकं असलं की भिंतींवरचा भार कमी होतो आणि मोठमोठ्या खिडक्या ठेवता येतात. पण लाकडाला आगीची भीती. 12 जानेवारी 1552 रोजी मनोऱ्यावर वीज पडली आणि चर्च आतून जळून गेलं.

गावाने ते पुन्हा उभं करायला घेतलं. खिडक्यांचा खर्च मात्र एकट्या गावाला झेपणारा नव्हता, म्हणून दाते शोधले. उत्रेख्तच्या बिशपने पहिली खिडकी दिली, 1555 मध्ये. काम केलं डर्क आणि वाउटर क्रॅबेथ या दोघा भावांनी. आधी कागदावर खिडकीच्याच मापाचं चित्र काढायचं. त्याप्रमाणे काचेचे तुकडे कापायचे, त्यांवर रंगवून भट्टीत भाजायचं आणि शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचं. ते मूळ कागद गौडाने आजवर सांभाळलेत. इतक्या जुन्या खिडक्यांचे मूळ आराखडे टिकणं फार दुर्मीळ.

आता दाते पाहा. 7 नंबरची खिडकी 1557 ची, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने दिलेली. वर शलमोन राजा मंदिर देवाला अर्पण करतोय, खाली येशूचं शेवटचं भोजन, आणि तिथेच गुडघे टेकलेले फिलिप आणि त्याची राणी, इंग्लंडची मेरी ट्यूडर. 23 नंबरची खिडकी फिलिपची सावत्र बहीण मार्गारेट हिची. ती त्याच्या वतीने नेदरलँड्सचा कारभार पाहत होती. आणि 22 नंबरची, येशू व्यापाऱ्यांना मंदिरातून हाकलतोय ती, ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याने दिलेली. तेव्हा विल्यम फिलिपचाच सरदार होता. थोड्याच वर्षांत तो बंडाचा म्होरक्या झाला. 1580 मध्ये फिलिपने त्याच्या डोक्यावर इनाम लावलं, आणि 1584 मध्ये डेल्फ्टला त्याचा खून झाला.

1572 मध्ये गौडा विल्यमच्या बाजूला गेलं. 1573 मध्ये चर्च प्रोटेस्टंटांच्या हातात आलं. गाव बाजू बदलतं तेव्हा काय होतं, हे फौजेत नोकरी केलेल्याला सांगावं लागत नाही. आधी झेंडा उतरतो, मग पाट्या जातात, मग पुतळे. इथेही वेद्या हटल्या, मूर्ती गेल्या. काही वेदीचित्रं वाचली, ती आज गौडाच्या संग्रहालयात आहेत. प्रोटेस्टंटांना उपासनेच्या जागी चित्रं मुळातच खपत नव्हती. शिवाय इथल्या एका चित्रात प्रत्यक्ष शत्रू गुडघे टेकून बसलेला. एका दगडात काम झालं असतं.

दगड मारला गेला नाही. याला व्यवहाराची बाजू आहे. खिडकी फुटली की पाऊस आणि वारा आत येणार, आणि नवी काच महाग. चित्रंही बरीचशी बायबलमधल्या प्रसंगांची. पण एवढ्यावर भागत नाही, कारण व्यवहारच पाहायचा, तर राजाराणीची चित्रं तेवढी काढून तिथे साधी काच बसवता आली असती. गौडाचे कारभारी त्या काळाच्या मानाने मवाळ होते, आणि त्यांनी ठेवायचं ठरवलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. 1594 ते 1603 या काळात उरलेल्या खिडक्या बसल्या. या वेळी दाते होते हॉलंडचं प्रतिनिधी मंडळ आणि हार्लेम, लायडन, डेल्फ्टसारखी शहरं. 1 नंबरची खिडकी 1596 ची. तिचा विषय सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य: रथ चाललाय आणि जुलूमशाही चाकाखाली आलीय. 25 नंबरची, 1603 ची, डेल्फ्टने दिली. तिच्यात लायडनची सुटका आहे. स्पॅनिश फौजेने लायडनला वेढा घातला होता. 1574 मध्ये बंडखोरांनी स्वतःच बांध फोडले, स्वतःची शेतं बुडवली आणि त्या पाण्यावरून सपाट तळाच्या होड्या नेल्या. 3 ऑक्टोबरला वेढा उठला. आपलीच जमीन बुडवून शत्रूला हटवायचं, हा हुकूम देणाऱ्याला किती जड गेला असेल! अशी लढाई खेळलेल्या लोकांनी तिची खिडकी बसवली, आणि फिलिपची त्याच छताखाली राहू दिली.

म्हणून डच लोक उपजतच सहिष्णू, असं समजू नका. सदसद्विवेकाची खिडकी बसली तेव्हाही त्या देशात कॅथलिकांना उघडपणे उपासना करायला बंदी होती. ते घरांत, माळ्यांवर लपून प्रार्थना करत. दुसरं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. 1663 मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं आणि तिथली बहुतेक कॅथलिक चर्चं पाडली. वास्को द गामाला जिथे आधी पुरलं होतं, ते सेंट फ्रान्सिस चर्च ठेवलं, पण स्वतःच्या पंथासाठी. तोच देश आणि तोच पंथ, पण कोचीत पाडायचं ठरलं आणि गौडात ठेवायचं. माझ्या मते मुद्दा हाच आहे. जपणं हा कुठल्या जातीचा, धर्माचा किंवा देशाचा स्वभाव नसतो. तो त्या त्या वेळी, हातात सत्ता असलेल्यांनी घेतलेला निर्णय असतो. तसंच पाडण्याचंही.

आणि तो निर्णय एकदा घेऊन संपत नाही. 1939 मध्ये युद्धाची चिन्हं दिसताच गौडाने या खिडक्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या, युद्धानंतर पुन्हा बसवल्या. 1947 मध्ये चार्ल्स आइक या चित्रकाराने जर्मनांच्या ताब्यातून झालेल्या मुक्ततेवर एक नवी खिडकी केली. त्या वेळी फिलिपची खिडकीही तितक्याच काळजीने खाली आली आणि तितक्याच काळजीने वर गेली. ज्यांनी ती हाताळली त्यांना त्यातला राजा कोण, हे ठाऊक होतं.