तंबी

बदलीच्या नोकरीतील माणसाला नव्या गावाची पहिली ओळख होते ती कचेरीत नव्हे, गाडीत. तेथे त्याचा हुद्दा कोणास ठाऊक नसतो, घराणे कोणी विचारीत नाही. हाती तिकीट, आणि बरोबर आपला चेहरा व आपली भाषा, एवढ्याच भांडवलावर तो अनोळखी माणसांच्या शेजारी जाऊन बसतो. म्हणून एखाद्या समाजाची न्यायबुद्धी पाहावयाची असेल, तर न्यायालयाच्या आधी त्याच्या गाड्यांत डोकवावे असे आम्हांस वाटते.

काही दिवसांपूर्वी चेन्नईतील एका सार्वजनिक वाहनात आम्ही एक प्रसंग पाहिला. स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या आसनांवर तीन तरुण बसले होते. दोघे याच गावचे दिसत होते. तिसरा ईशान्येकडचा असावा. एक स्त्री उभी राहिली, तेव्हा एका गृहस्थांनी आवाज चढविला, पण तो त्या तिसऱ्यावरच. 'तुम्ही लोक येथे येता आणि आमचे नियम मोडता,' असा एकूण सूर होता. दोघांनी मोबाइल काढून त्याचे चित्रण सुरू केले. तो तरुण उठला आणि तुटक्या इंग्रजीत म्हणाला, 'हे दोघेही बसले आहेत. मी परका दिसतो म्हणूनच तुम्ही मला बोलता.' त्यावर गृहस्थ अधिकच भडकले. नियम आपण मोडायचा आणि उलट वंशद्वेषाचा आरोप आमच्यावर करायचा, ही कोणती रीत, असे ते विचारू लागले. डब्यातील बाकीचे सारे गप्प होते. आम्हीही गप्प होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

घरी आल्यावर वाटले की दोघांच्याही बोलण्यात थोडेथोडे सत्य होते. त्या तरुणाने नियम मोडला होता, यात शंका नाही. पण त्याला जी शिक्षा मिळाली ती नियम मोडल्याबद्दलची नव्हती. तसे असते तर ती तिघांना मिळाली असती. अपराध तिघांचा आणि पाणउतारा एकाचा, या वजाबाकीत जे उरते त्याचेच नाव पक्षपात. ही वजाबाकी नवी नाही. गाड्यांचा इतिहास तिने भरलेला आहे, आणि त्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने याच मद्रास शहरात उलटली गेली आहेत.

जून १८९३ मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या स्थानकावर मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टराला पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविण्यात आले, ही गोष्ट शाळेतील मुलासही ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचित सांगितला जातो. पुढे घोडागाडीच्या प्रवासात त्यांना आत बसू न देता बाहेर हाकणाऱ्याजवळ बसविण्यात आले, आणि नंतर त्या गाडीच्या गोऱ्या प्रमुखाला ती जागा हवीशी वाटली म्हणून पायरीवर बसण्यास फर्मावले. ते नकार देताच त्यांस मार बसला. तेव्हा आतील गोरे प्रवासीच त्यांच्या बाजूने बोलले. जोहान्सबर्गला पोचल्यावर गांधींनी काय करावे? त्यांनी रेल्वेचे नियम मागवून वाचले! नियमांची भाषा मोघम होती, आणि त्या मोघमपणाचा आधार घेऊन त्यांनी पहिल्या वर्गाचे तिकीट मिळविले. वाटेत जर्मिस्टनला गार्ड आला आणि तिसऱ्या वर्गात जाण्यास सांगू लागला. डब्यात एकच सहप्रवासी होता, तोही इंग्रज. त्याने गार्डला सुनावले की या गृहस्थांजवळ तिकीट आहे, आणि त्यांच्या येथे बसण्याला माझी काही हरकत नाही. गार्ड कुरकुरत निघून गेला. त्या इंग्रजाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण आमच्या मते त्या प्रवासातील अत्यंत महत्त्वाचा माणूस तोच होय.

तीन वर्षांनी, १८९६ च्या ऑक्टोबरात, हे सारे गाऱ्हाणे घेऊन गांधी हिंदुस्थानात हिंडत होते. पुण्यास ते लोकमान्य टिळक, गोखले आणि डॉ. भांडारकर यांना भेटले व तेथून मद्रासला आले. २६ ऑक्टोबर रोजी पच्चैयप्पा सभागृहात त्यांचे भाषण झाले. नाताळमधील मजुरांत मद्रासकडच्या तमिळांचा भरणा मोठा होता. गोऱ्या मालकाच्या हातून रक्तबंबाळ झालेल्या बालसुंदरम् या तमिळ मजुराची हकीकतही येथवर पोचली होती. ट्राम, रेल्वे, पदपथ अशा रोजच्या जागी हिंदी माणसाची होणारी विटंबना त्या सभेने ऐकली. मद्रासमध्ये विजेची ट्राम धावू लागल्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. गांधींच्या हिरव्या वेष्टनाच्या पुस्तिकेची दहा हजारांची दुसरी आवृत्ती या सभेनंतर काढण्यात आली आणि तिच्या प्रती भराभर खपल्या. योगायोग असा, की त्याच १८९६ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने होमर प्लेसी या प्रवाशाच्या खटल्यात निकाल दिला होता. गोऱ्यांचे व काळ्यांचे आगगाडीचे डबे वेगळे ठेवण्यात गैर काही नाही, असा तो निकाल. तेथे पक्षपातालाच नियमाचे वस्त्र नेसविण्यात आले. त्यामुळे १९५५ च्या डिसेंबरात मॉन्टगोमेरी येथे रोझा पार्क्स बसमधील आपल्या जागेवरून उठल्या नाहीत, तेव्हा कागदोपत्री अपराधी त्याच ठरल्या. दंड दहा डॉलर आणि खटल्याचा खर्च चार डॉलर. अपराध केवढा क्षुल्लक, आणि त्यामागचा अन्याय केवढा प्रचंड!

परंतु मद्रासच्या त्या सभेत टाळ्या वाजविणाऱ्यांना घरच्या गाड्यांत काय दिसत होते? मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुटली आणि तीनच वर्षांनी, १ जुलै १८५६ रोजी, रायपुरमहून वालाजा रोडकडे दक्षिणेतील पहिली गाडी निघाली. गाडी सर्वांना एका रुळावरून नेणार, तेव्हा भेदाभेद आपोआप मावळेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात भेदच गाडीत चढले. युरोपियन व अँग्लो-इंडियन यांच्यासाठी राखीव डबे होते. आणि गोऱ्यांच्या पाट्यांवर रागावणारे आपले लोक स्थानकावरील उपाहारगृहात मात्र ब्राह्मणांची बैठक वेगळी व इतरांची वेगळी मांडून जेवत होते. मद्रास इलाख्यातील ही वेगळी पंगत उठण्यास १९४१ साल उजाडावे लागले, आणि तीही सहजासहजी उठली नाही, ई. व्ही. रामस्वामी व त्यांच्या चळवळीतील मंडळींनी त्यासाठी सतत झगडा केला.

आपल्या महाराष्ट्रास तरी याबाबत मान वर करून बोलता येईल काय? १९०१ साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर चांगल्या कपड्यांतील काही मुले उतरली. वडील गोरेगावला नोकरीस होते. त्यांच्याकडे ती निघाली होती. न्यावयास कोणी आले नाही म्हणून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत असे कळताच ती आपुलकी नाहीशी झाली. गाडीवाले नेण्यास तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बरोबर पायी चालावे, असे ठरले. त्या मुलांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. त्यांनी कोणता नियम मोडला होता? कोणताच नाही. तिकिटे खरी, भाडे दुप्पट, तरीही अपमान पदरी आला. जेथे नियम मोडल्याचे निमित्त मिळत नाही, तेथे जन्माचेच निमित्त पुरते, हे मसूरच्या फलाटाने दाखविले.

सप्टेंबर १९१७ मधील आणखी एक प्रवास आपल्या ओळखीच्या वाटेवरचा आहे. गांधी मुंबईहून मद्रासला मेलने तिसऱ्या वर्गातून निघाले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर बावीस प्रवाशांची मर्यादा लिहिलेली होती. पुण्यापर्यंत ती कशीबशी पाळली गेली, रायचूरनंतर गर्दी असह्य झाली, आणि त्या रात्रीचा बराच वेळ डब्यात पस्तीस माणसे होती. एका मेमन व्यापाऱ्याने या कोंबाकोंबीला हरकत घेतली, तेव्हा गार्डने त्याचाच अपमान केला! नियम मोडला रेल्वेने आणि बोलणी खाल्ली नियम दाखविणाऱ्याने. गांधींनी त्या लेखात प्रवाशांनाही सोडले नाही. थुंकणे, धूर सोडणे, घाण करणे यांबद्दल त्यांनी त्यांस स्पष्ट शब्दांत बोल लावला. मात्र उपाय सुचविला तो वरिष्ठांना. व्हाइसरॉयपासून सर्व मोठ्या अधिकाऱ्यांनी पूर्वसूचना न देता तिसऱ्या वर्गातून हिंडून पाहावे, असे त्यांनी लिहिले. अधिकारी असलेल्या आपल्या वाचकांनी ही सूचना शंभर वर्षांनंतरही विचारात घेण्याजोगी आहे.

पुढे कायदे झाले. सार्वजनिक सोयींपासून अस्पृश्यांना अडविण्याविरुद्ध १९३८ साली मद्रास विधिमंडळाने कायदा केला. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने सार्वजनिक वाहनात अस्पृश्यतेपायी अडवणूक करणे हा गुन्हा ठरविला. पाट्या उतरल्या. ज्या ट्रामच्या कौतुकाने मद्रासचे विसावे शतक उजाडले ती १९५३ साली बंद पडली, तर २०१५ पासून या शहरात मेट्रो धावू लागली. पण लाकडावरची पाटी उतरविणे सोपे असते. डोळ्यांतली पाटी उतरण्यास वेळ लागतो.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पक्षपाताचा प्रत्येक आरोप खरा असतो असे नाही. मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याच्या चित्रफिती देशभर पसरल्या. त्या खोट्या किंवा भलत्याच प्रसंगांच्या असल्याचे पोलिसांनी दाखवून दिले. बिहार सरकारचे पथक येथे येऊन पाहून गेले. तोवर मजुरांच्या घरी किती जीव टांगणीला लागले असतील! उलट, ईशान्येकडील लोकांना मोठ्या शहरांतून सोसावी लागणारी हेटाळणी खोटी म्हणता येणार नाही. २०१४ साली दिल्लीत निडो तानिया या तरुणाचा मृत्यू झाल्यावर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली ती याच दुखण्यासाठी. तेव्हा आरोप ऐकताच तो उचलून धरणे किंवा ऐकताच झटकून टाकणे, दोन्ही आळशीपणाचेच. शेजारच्या आसनावरील माणसाने तेच केले असता त्याला काय मिळाले, हे पाहावे. तिघांना सारखा दंड झाला असेल तर आरोप पोकळ. एकालाच झाला असेल तर दंड कायदेशीर असूनही आरोप खरा.

आणि परक्या मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक गोष्ट विसरू नये. आज येथे आपण परके. पण १९६० च्या दशकात मुंबईत परके कोण होते? दक्षिणेकडून आलेले, टंकलेखन व हिशेब यांत निष्णात असे कारकून. त्यांच्याविरुद्ध मुंबईत मोहीम उठली. तमिळ, मल्याळी, कानडी, तेलुगू साऱ्यांना आपण 'मद्रासी' या एकाच पोत्यात भरले. त्यांची वेषभूषाही चेष्टेचा विषय झाली. ज्याला आपला अपमान लक्षात ठेवावयाचा असेल, त्याने आपण केलेलाही लक्षात ठेवावा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती नियम राबविण्याचा अधिकार आहे. १९८९ चा रेल्वे कायदा आम्ही चाळला. विनातिकीट प्रवाशाकडून भाडे घ्यावे, अधिक आकार घ्यावा, राखीव डब्यात शिरणाऱ्यास बाहेर काढावे, हे सारे त्यात आहे. चारचौघांत पाणउतारा करणे ही शिक्षा मात्र त्यात कोठेही नाही. जी शिक्षा कायद्याने सांगितली नाही ती देण्याचा अधिकार ना अधिकाऱ्यास, ना मोबाइल उगारणाऱ्या प्रवाशास. दंड भरला की माणूस मोकळा होतो. लज्जेची पावती मिळत नाही, आणि ती वर्षानुवर्षे फेडावी लागते. पक्षपाताचा आरोप होईल या भीतीने नियमच सोडून देणारा अधिकारीही तितकाच चुकतो. त्याने नियम जरूर राबवावा. पण सर्वांना, आणि हलक्या आवाजात.

त्या दिवशी गाडीत शेवटी बोलली ती एक वृद्ध तमिळ बाई. तिने त्या गृहस्थांकडे पाहिलेही नाही. उभ्या स्त्रीकडे बोट दाखवून तिने बसून राहिलेल्या दोघांना 'तंबी' अशी हाक मारली व उठावयास सांगितले. ते उठले. मग आधीच उठून उभ्या असलेल्या त्या ईशान्येकडच्या तरुणालाही तिने त्याच स्वरात 'तंबी' म्हटले आणि दाराशी धरावयाचा दांडा दाखविला. मोबाइल एकेक करून खिशांत गेले.

आपल्या मराठीत तंबी म्हणजे ताकीद. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्या बाईने एकाच शब्दात दोन्ही दिले, आणि तिघांना सारखे दिले. जर्मिस्टनचा तो अनामिक इंग्रज आम्ही पुस्तकात वाचला होता. तरी वेळ आली तेव्हा आम्ही खिडकीबाहेर पाहत बसलो. पुढच्या वेळी आम्हांस तो शब्द वेळेवर आठवावा, एवढीच इच्छा आहे.