लेसर व्यतिकरणमापक : उभारणीतील पर्यावरणीय घटक
यंत्राच्या सरकत्या भागांची अचूकता तपासणारा लेसर व्यतिकरणमापक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हिशेबाने अंतर मोजतो. हीलियम-निऑन लेसरची ही लांबी सुमारे 633 नॅनोमीटर; पण हवेच्या अपवर्तनांकानुसार ती बदलते. हवेचे तापमान 1° से.ने चढले किंवा दाब सुमारे 3.3 हेक्टोपास्कलने उतरला, तरी मीटरमागे जवळजवळ 1 मायक्रोमीटरची चूक होते. आर्द्रतेचा परिणाम किरकोळ. खरा घात करते ते पोलादाचे प्रसरण : दर अंशाला मीटरमागे 11 मायक्रोमीटरांहून अधिक. म्हणून वाचने 20° से. या प्रमाण तापमानावर आणून मांडतात. पदार्थाचा तापमापक यंत्राच्या अंगालाच चिकटवावा, हवेचा संवेदक किरणाच्या वाटेजवळ ठेवावा. वातानुकूलकाचा झोत किरणावर आल्यास आकडा थरथरत राहतो. शेजारी प्रेस चालू असेल, तर मोजणी थांबवलेलीच बरी.