मृत्युपत्रातून विद्यापीठाला देणगी कशी द्यायची?

आपल्या पश्चात थोडी रक्कम धाराशिवच्या विद्यार्थ्यांच्या कामी यावी, असं वाटतंय? मग घरच्यांना नुसतं सांगून भागत नाही. ते मृत्युपत्रात लिहावं लागतं, नाहीतर सगळं वारसांकडे जातं.

नाव कोणाचं लिहायचं?
धाराशिवचा उपपरिसर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा भाग आहे. त्यामुळे विद्यापीठाचं पूर्ण नाव लिहा आणि 'धाराशिव उपपरिसरातील शिष्यवृत्तीसाठी' असा उद्देश नमूद करा. तुमची अट विद्यापीठाला चालेल का, हे आधीच विचारा. विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये देऊ केले. त्यांच्या आईच्या नावावरूनच 'एसएनडीटी' हे नाव आलं.

काय देता येतं?
- स्वकष्टार्जित पैसा, ठेवी, घर.
- हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्सा.
- शेतजमिनीवर कूळ कायद्याची बंधनं असू शकतात. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर आधी वकिलाला दाखवा.
- मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं.

कायदेशीर कसं करायचं?
भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 नुसार तुमची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण पुढचे वाद टाळायचे तर दुय्यम निबंधक कार्यालयात केलेली बरी.

मन बदललं तर? हयातीत मृत्युपत्र कधीही बदलता येतं. मुलांना मात्र आजच सांगून ठेवा.