मोजक्या चाहत्यांचे व्हिडिओ गेम : परीक्षणे, प्रसिद्धी आणि विक्री

मोजक्या चाहत्यांचे गेम म्हणजे ठरावीक आवडीच्या खेळाडूंसाठी, बहुधा छोट्या चमूने आणि बेताच्या पैशात तयार केलेले गेम. मोठ्या जाहिरातींचा खर्च त्यांना झेपत नाही. त्यामुळे समीक्षकांची परीक्षणे, खेळाडूंचे अभिप्राय आणि खेळता खेळता थेट प्रक्षेपण करणारे स्ट्रीमर यांच्यावर त्यांची विक्री बरीचशी अवलंबून असते.

चांगले परीक्षण आले की गेम खपतो, हा समज मात्र चुकीचा आहे. टिम शेफर यांच्या डबल फाइन स्टुडिओचा ‘सायकोनॉट्स’ (२००५) समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तरी दुकानांत तो पडून राहिला. प्रकाशक मॅजेस्कोने मोठ्या खर्चाच्या गेममधून अंग काढून घेतले. २०११ मध्ये हक्क परत मिळाल्यावर डबल फाइनने तोच गेम डिजिटल दुकानांतून विकला आणि मूळ प्रकाशकाच्या काळापेक्षा कितीतरी जास्त प्रती खपवल्या. गेम तोच होता, त्याची कीर्तीही तीच होती. फक्त तो आता गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आला होता.

संगणकावरच्या गेमचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम. तिथे २०१३ पासून खरेदीदार अभिप्राय लिहू शकतात. अंगठा वर की खाली, हे तर दिसतेच. लिहिणारा किती तास खेळला आहे, तेही शेजारी दिसते. किमान १० अभिप्राय जमल्याशिवाय गेमला एकत्रित शेरा मिळत नाही, म्हणून छोट्या निर्मात्यांचा जीव पहिल्या काही दिवसांत टांगणीला लागतो. २०१६ पासून स्टीमबाहेरून मिळालेल्या सांकेतिक क्रमांकाने (‘की’) चालू केलेल्या प्रतींवरचे अभिप्राय या शेऱ्यात धरले जात नाहीत. गेम बनवण्यासाठी आगाऊ वर्गणी भरणाऱ्या चाहत्यांना प्रत अशीच मिळते; त्यांनी केलेले कौतुकही त्यातून निसटते, आणि छोट्या चमूंवर हा अन्यायच आहे. उलट रागाची लाट आली तर शेरा घसरतो : २०१७ मध्ये एका यूट्यूबरशी झालेल्या वादातून ‘फायरवॉच’ या गेमवर नकारात्मक अभिप्रायांचा मारा झाला. त्याच महिन्यात व्हॉल्व्हने अभिप्रायांचा कालानुक्रमे आलेख दाखवायला सुरुवात केली.

प्रसिद्धीचे खरे काम गेम बाजारात येण्याआधीचे असते. स्टीमवर ‘विशलिस्ट’मध्ये गेम टाकणाऱ्याला तो प्रकाशित होताच ईमेल जातो. वर्ष-दोन वर्षे चालणारी चित्रफितींची आणि मोफत डेमोंची खटपट ही यादी वाढवण्यासाठीच असते.

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’चे उदाहरण इथे सर्वांत बोलके आहे. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकन भावांनी तो २००६ पासून मोफत दिला आणि देणग्यांवर गुजराण केली. पडद्यावर चित्रे नव्हती, नुसती अक्षरे आणि चिन्हे होती. इंग्रजी ‘डी’ म्हणजे कुत्रा! २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहासाठी निवडला, तरीही उत्पन्न बेताचेच राहिले. झॅक यांच्या आजारपणानंतर वैद्यकीय खर्चाची धास्ती वाटू लागली, तेव्हा दोघांनी किटफॉक्स गेम्स या प्रकाशकाशी हात मिळवला. चित्रे, संगीत आणि माऊसची सोय असलेली आवृत्ती ६ डिसेंबर २०२२ रोजी स्टीमवर आली आणि महिन्याच्या आत सुमारे ५ लाख प्रती विकल्या गेल्या. सोळा वर्षांच्या लौकिकाने गिऱ्हाईक तयार ठेवले होते. त्याला अडवत होता तो अक्षरांचा पडदा.

कधी कधी गती निर्मात्याच्या हातीच नसते. २०१८ मध्ये आलेला इनरस्लॉथचा ‘अमंग अस’ जवळपास दोन वर्षे दुर्लक्षित होता. २०२०च्या टाळेबंदीत स्ट्रीमरांनी तो उचलला आणि जगभर पसरवला.

महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे आहे. त्यांच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’साठी २०१७ मधील किकस्टार्टर या संकेतस्थळावरची लोकवर्गणीची मोहीम उद्दिष्ट गाठू शकली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला, तोही निन्टेन्डोच्या ‘इंडी वर्ल्ड’ या कार्यक्रमातील घोषणेसह. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले.