संघाची यादी आणि देशाची सीमा

हजेरी घेणे हे प्राध्यापकाच्या कामांपैकी काही फारसे मानाचे काम नव्हे. घंटा झाली की पट उघडायचा आणि नावे वाचीत सुटायचे. पण सोलापुरात हे काम कंटाळवाणे होत नाही. एकाच पानावर बिराजदार येतो, त्याच्या खाली शेख येतो, मग गायकवाड, मग बिटला. घरात कुणी कानडी बोलतो, कुणी उर्दू, कुणी मराठी, कुणी तेलुगू. आणि ‘हजर’ मात्र सगळे एकाच सुरात म्हणतात.

असाच एकदा पट मिटला आणि मागच्या बाकावरून एका मुलाने प्रश्न टाकला. २०२१ साली कतारमध्ये अरब देशांची फुटबॉल स्पर्धा झाली. अल्जीरियाने ट्युनिशियाला हरवून ती जिंकली. तिचे सामने या मुलाने रात्री जागून पाहिलेले. तो म्हणाला, “सर, या सगळ्यांची भाषा अरबी. मग संघ सोळा कशाला? एकच का नाही?” वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न इतिहासाचा होता, आणि चांगला होता. त्या दिवशी तास संपून गेला. उत्तराचा प्रयत्न आज करतो.

अरब राष्ट्रांची लीग १९४५ साली कैरोत स्थापन झाली. या देशांची फुटबॉल स्पर्धा पहिल्यांदा भरली ती १९६३ मध्ये, बैरुतला. संघ अवघे पाच : लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, कुवेत आणि ट्युनिशिया. जिंकला ट्युनिशिया. आता यांतल्या कुवेतकडे पाहा. हा देश १९६१ च्या जूनमध्ये स्वतंत्र झाला. म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. १९६१ पर्यंत तिथल्या बाजारात आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपया चालत असे. नवे राज्य झाले की त्याला नवे नाणे हवे, नवे निशाण हवे, आणि विसाव्या शतकात आणखी एक गोष्ट हवी झाली, ती म्हणजे फुटबॉलचा संघ. अकरा माणसे एका रंगाचा सदरा घालून मैदानात उतरली, की जगाला न सांगता कळते : हा देश आहे.

इथवर ठीक. आधी देश, मग संघ. परंतु इतिहास इतका सरळ चालत नाही. कित्येकदा संघ आधी येतो आणि देश मागून येतो.

अल्जीरियाचेच घ्या. १९५८ साली तो फ्रान्सच्या ताब्यात होता आणि तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. रशीद मेख्लूफी आणि मुस्तफा झितूनी हे दोघे अल्जीरियन खेळाडू फ्रान्समध्ये नावाजलेले. त्या वर्षीच्या स्वीडनमधल्या जागतिक स्पर्धेसाठी फ्रान्सच्या संघात त्यांची निवड होणार, असे दिसत होते. एप्रिल महिन्यात हे दोघे आणि त्यांचे काही सोबती गुपचूप फ्रान्स सोडून ट्युनिसला गेले आणि स्वातंत्र्य आघाडीच्या संघातून खेळू लागले. आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेने त्या संघाला मान्यता दिली नाही. तरी तो देशोदेशी खेळत राहिला. देश स्वतंत्र झाला तो १९६२ च्या जुलैमध्ये. १९६६ साली बगदादला अरब स्पर्धा झाली, तिच्यात पॅलेस्टाईनचाही संघ होता. आंतरराष्ट्रीय संघटनेने पॅलेस्टाईनला सदस्य करून घेतले १९९८ मध्ये. म्हणजे संघाची यादी कागदावर चढली आणि नकाशा मागे राहिला.

तुम्ही म्हणाल, ही दूरदेशीची गोष्ट. आपला तिच्याशी काय संबंध? संबंध आहे. तो पाहायला मुंबईच्या कूपरेज मैदानापर्यंत जावे लागते, आणि तिथून गोव्यापर्यंत.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारताचा फुटबॉल संघ गेला. शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते मुळात शाळामास्तर. कर्णधार समर बॅनर्जी. यादी वाचा : थंगराज, अझीझुद्दीन, लतीफ, नूर महंमद, केम्पय्या, निखिल नंदी, किट्टू, बलराम, प्रदीपकुमार बॅनर्जी. आणि मुंबईचा नेव्हिल डिसूझा. १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. भारताने तो ४–२ असा जिंकला आणि चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या विजयाने भारत उपांत्य फेरीत पोचला. पुढे युगोस्लाव्हियाने ४–१ ने हरवले. तो एक गोलही नेव्हिलचाच. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून हार झाली आणि भारत चौथा आला. ऑलिंपिकमध्ये आपला फुटबॉल त्याच्या पुढे कधी गेला नाही.

आता इथे थोडे थांबा. नेव्हिल हा गोव्याच्या घराण्यातला. आणि १९५६ साली गोवा कुणाचा होता? पोर्तुगालचा. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपारचे प्रांत’ असे नाव दिले होते. त्यांच्या लेखी गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर गेले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसांहून अधिक माणसे पडली. त्यानंतर हद्दीवरची ये-जा तुटली. मुंबईच्या धोबीतलावाकडे गोवेकरांची ‘कुडे’ होती. कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांनी परगावी चालवलेले बिऱ्हाड. तिथे राहणाऱ्या कितीतरी लोकांची घरे हद्दीच्या पलीकडे होती. घर एका राज्यात आणि रोजी दुसऱ्या राज्यात. अशा वेळी गोव्याच्या घराण्यातला एक जवान मेलबर्नला भारताच्या सदऱ्यात तीन गोल करतो. लष्कर गोव्यात शिरले ते पाच वर्षांनी, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. यादीने मात्र तो प्रश्न आधीच सोडवून टाकला होता, आणि तोही कसलाही गाजावाजा न करता.

पण म्हणून प्रत्येक यादी चांगली असते असे मात्र समजू नका. याच मुंबईत क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा होत असे. तिचे संघ धर्मावर पाडलेले : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन; आणि यांत जे बसत नाहीत त्यांचा पाचवा संघ, नाव ‘इतर’. विजय हजारे हे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. त्यांना खेळावे लागले ते ‘इतरां’त. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. पुढे ही स्पर्धा बंद पडली. आणि १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार कोण होते? विजय हजारे. माणूस तोच, बॅट तीच. एका यादीत तो ‘इतर’ होता, दुसऱ्या यादीत सगळ्यांचा पुढारी. फरक माणसात पडला नाही. यादी करणाराची दृष्टी बदलली.

आणखी एक प्रसंग सांगतो. त्यात अरबांचाही भाग आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांना यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. इस्रायलच्या बाबतीत अरब राष्ट्रांचा आग्रह त्यामागे होता. आपले गुरुदत्त सोंधी यांनी याला उघड विरोध केला. मग काय, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला आणि आपले खेळाडू मैदानात आले की प्रेक्षक हुर्यो उडवू लागले. त्या गदारोळात ४ सप्टेंबरला आपल्या फुटबॉल संघाने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. शिक्षक पुन्हा रहीमसाहेबच. ते तेव्हा दुखण्याने पोखरलेले होते आणि पुढच्याच वर्षी गेले. कर्णधार चुनी गोस्वामी जन्मले किशोरगंजला, जे त्या वेळी पूर्व पाकिस्तानात होते. आणि संघात होता फोर्च्युनातो फ्रँको, बार्देशातल्या कोलवाळचा. गोवा मुक्त होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. कुणाला संघाबाहेर ठेवायचे यावर सारी स्पर्धा भांडत होती, आणि आपल्या संघात मात्र जन्मगाव न विचारता माणसे घेतलेली होती.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. बाळ, भाषा एक असली म्हणून राष्ट्र एक होतेच असे नाही. अरबांचे सोळा संघ झाले, कारण तुर्क, इंग्रज, फ्रेंच यांची वेगवेगळी राज्ये त्यांच्यावरून गेली, वेगवेगळे लढे झाले, वेगवेगळ्या वेळी सुटका झाली. प्रत्येक सदऱ्यामागे वेगळी आठवण आहे. आणि भाषा चार असल्या म्हणून राष्ट्र चार होतात असेही नाही. संघाची यादी हातात आली की गोल कुणी केले एवढेच पाहू नये. ही नावे कुणी निवडली, कशावरून निवडली आणि कोण बाहेर राहिले, हेही विचारावे. इतिहासाचा खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

खरे म्हणजे सोलापूरच्या मुलाला हे मी शिकवायला नको. १९३० साली या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. चार नावे, चार घरांच्या चार चाली. ती यादी आपण केली नाही. फाशी देणाऱ्या सरकारने केली. पण ती वाचून शहराने आपल्याला ओळखले. कॉलेजला जाता-येता ज्या चौकातून आपण वळतो, तिथे ती नावे एकत्र उभी आहेत. एकदा सायकलवरून उतरून ती सावकाश वाचावीत. हजेरी घेतल्यासारखी.