आपटे, शांता
मराठी-हिंदी बोलपटांतील गायिका-अभिनेत्री. जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा. पुण्याच्या सरस्वती सिनेटोनच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (1932) भालजी पेंढारकरांनी तिला राधेची भूमिका दिली, खरी ओळख मात्र प्रभातच्या ‘अमृतमंथन’ने (1934). व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’तील (1937) नीरा ही तिची सर्वांत दमदार भूमिका: वयस्कर विधुराच्या गळ्यात बांधलेली, पण त्याला नवरा मानायला ठाम नकार देणारी तरुणी. त्यात तिने लाँगफेलोची इंग्रजी कविताही गायली. करारावरून बिनसल्यावर 1939 मध्ये ती प्रभात स्टुडिओच्या फाटकापाशीच उपोषणाला बसली. नीरेला शोभावे असेच हे धाडस. पुढे तिने ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. तमिळ ‘सावित्री’त (1941) ती एम. एस. सुब्बुलक्ष्मींबरोबर चमकली. निधन 24 फेब्रुवारी 1964.