सूप, सँडविच आणि पंगत



आज आपण मॉलमधल्या सूप-सँडविचवर बोलणार आहोत. इतिहासाच्या व्याख्यानात हे कुठून आलं, असं काहींना वाटेल. लढाया नाहीत, तह नाहीत, राजवाडे नाहीत. आमचं म्हणणं एवढंच की माणूस कोणाच्या शेजारी बसून, कोणाच्या हातचं खातो, हा आपल्याकडे शे-दोनशे वर्षं लढाईइतकाच गंभीर प्रश्न होता. त्यावर माणसं वाळीत पडली, कोर्टकचेऱ्या झाल्या, घटनेत कलम घालावं लागलं.

आजचं चित्र आधी डोळ्यांसमोर आणू. रविवार आहे. हिंगणा एमआयडीसीत काम करणारा एक मुलगा आणि वानाडोंगरीच्या कॉलेजातली त्याची बहीण लोकमान्यनगर स्टेशनवर मेट्रोत बसतात. हा मार्ग 28 जानेवारी 2020 ला सीताबर्डीपर्यंत सुरू झाला, डिसेंबर 2022 मध्ये पुढे प्रजापतीनगरपर्यंत गेला. दोघं शहरातल्या एखाद्या मॉलमध्ये उतरतात, काउंटरवर टोमॅटो सूप आणि ग्रिल्ड सँडविच सांगतात, पैसे आधी देतात, नंबर पुकारला की ट्रे उचलतात आणि रिकामं टेबल बघून बसतात. शेजारच्या टेबलावर कोण आहे, आत सँडविच कोणी लावलं, हे ते विचारत नाहीत. त्यांना कोणी विचारत नाही. ही जी न विचारण्याची सोय आहे ना, ती मॉलवाल्यांनी आणलेली नाही. ती कुठून आली ते बघू.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘सूप’ म्हटलं की आपल्या आजीला धान्य पाखडायचं सूप आठवणार. कार्यक्रम संपला की आपण ‘सूप वाजलं’ म्हणतो, तेही तेच. पण संस्कृतात सूप म्हणजे डाळीचं पातळ कालवण, आणि सूपकार म्हणजे आचारी. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं मराठीतलं सुरुवातीचं छापील पाककृतींचं पुस्तक 1875 साली आलं, त्याचं नाव ‘सूपशास्त्र’. तेव्हा वाटीतल्या गरम पातळ पदार्थाला आपल्याकडे तोटा नव्हता. सार, कढण, कट, ओसामण. आजाऱ्याला मुगाचं कढण देतात, ते अंगात ताकद यावी म्हणून. आता गंमत बघा. ‘रेस्टॉरंट’ हा फ्रेंच शब्द मुळात जागेचा नव्हेच. तो अशाच ताकद आणणाऱ्या रश्श्याचा आहे. अठराव्या शतकात 1760 च्या दशकात पॅरिसमध्ये असा रस्सा विकणारी दुकानं निघाली आणि पदार्थाचं नाव दुकानाला चिकटलं. म्हणजे सूप मिळतं म्हणूनच ते रेस्टॉरंट. त्या दुकानांत नवं काय होतं? वेगळं टेबल, आपल्या वेळेला जेवण, आपल्याला हवा तो पदार्थ. तोवर खानावळीत सगळे एकाच लांब टेबलावर, मालक जे वाढेल ते खात. पंगतच ती, फक्त खुर्चीवरची.

सूपाला आपल्याकडे फारसा विरोध झाला नाही. विरोध झाला पावाला. आणि पाव नाही तर सँडविच कुठलं?

पाव हा शब्द पोर्तुगीज. गोवा, वसई, मुंबई हा त्याचा रस्ता. विहिरीत पाव टाकला, गावानं ते पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं, ही आख्यायिका वसईपासून कोकणापर्यंत सगळ्यांनी ऐकलेली आहे. खरी-खोटी बाजूला ठेवू. तिच्यातली भीती मात्र खरी होती. ती भीती मोडायची म्हणून 1849 च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मानणार नाही अशी शपथ, आणि त्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव सगळ्यांसमोर खायचा. पावाचा एक तुकडा! पण सगळं गुपचूप, दारं लावून. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा तिथेच मोडली.

तीस वर्षांनी पुण्यात तेच झालं. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते. कोणी कप तोंडाला लावला, कोणी नुसता पुढ्यात ठेवला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रातून बाहेर आणली आणि पुढची दोन वर्षं त्या कपाचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्तं झाली. टिळकांना काशीतल्या प्रायश्चित्ताचा दाखला काढून दाखवावा लागला, रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं म्हणून त्यांचेच सुधारक मित्र रागावले. दोन्ही ठिकाणी घात झाला तो यादीमुळे, हे लक्षात घ्या. कोणी काय खाल्लं यापेक्षा कोण कोणाबरोबर बसलं होतं, ती नावं छापून येणं धोक्याचं होतं. आज आपण टेबलावरचा फोटो आपल्याच हातानं जगाला पाठवतो!

आता पुण्या-मुंबईहून आपल्याकडे, नागपूरला येऊ. रेल्वे इथे 1867 साली आली. रेल्वेच्या डब्यात शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात राहिलं नाही, पण घोटभर पाण्यावर मात्र पहारा राहिला. देशभरच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या थेट स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत ऐकू येत होत्या. सूप, टोस्ट, कटलेट असलं जेवण मिळे ते रिफ्रेशमेंट रूममध्ये, आणि ती साहेबांसाठी.

रेल्वेपाठोपाठ गिरणी आली. जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये कंपनी काढली आणि 1 जानेवारी 1877 ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू झाली. तलावाकाठची दलदलीची जागा. ती भरून काढताना एका सावकारानं टाटांना पैसे नाकारले, म्हणाला, हा गृहस्थ सोनं मातीत घालतोय. पुढे त्यालाच म्हणावं लागलं की यानं माती घातली आणि सोनं काढलं. या जागेकडे आपण परत येणार आहोत. 1886 मध्ये या मिलनं पेन्शन फंड सुरू केला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. हे सगळं कागदावर आहे, अभिमानानं सांगितलं जातं. पण दुपारी भोंगा वाजल्यावर कामगार कुठे बसत, कोण कोणापासून किती अंतरावर डबा उघडत होतं, हे कंपनीच्या कागदावर कुठून असणार? मशीन एकच, हजेरीपट एकच, आणि माठ वेगळे. हिंदुस्थानातल्या कितीतरी कारखान्यांची हीच तऱ्हा होती. नागपूरच्या कष्टकऱ्यांनी आपल्या पोटाची सोय आपण केली. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातलं झणझणीत जेवण पुढे सावजी भोजनालय होऊन गावभर पसरलं. तर्री-पोहे तर आपला राष्ट्रीय नाश्ताच. आमच्या मते नागपुरात ‘बाहेर खाणं’ श्रीमंतांनी नाही, कामावर निघालेल्या माणसांनी रुजवलं.

इथे थोडं कोल्हापूरला जावं लागेल. कारण तिथे एका साध्या चहाच्या दुकानानं जे केलं ते मोठमोठ्या भाषणांना जमलं नव्हतं. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांकडे नोकरीला. अस्पृश्य म्हणून त्यांना पाण्यावरून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना मदत करून भर शहरात हॉटेल काढून दिलं, ‘सत्यसुधारक’ नावाचं. गिऱ्हाईक येणार कसं? तर महाराजांची गाडी दारात थांबायची, महाराज हाक मारून चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजानं प्यायल्यावर नाही कोण म्हणणार! हे छोटं काम वाटेल, पण विचार करा. अस्पृश्याला हॉटेलात आत घेणं ही एक पायरी. अस्पृश्याच्या हॉटेलात आपण जाणं ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी अवघड. तेच शाहू महाराज मे 1920 च्या अखेरीस आपल्या नागपुरात आले, अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून. तरुण डॉ. आंबेडकर त्या परिषदेत होते.

पुढे घटना लिहिताना कलम 15 मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत हॉटेलाचं नाव घ्यावं लागलं, यातच सगळं आलं. 1955 च्या अस्पृश्यता कायद्यानं त्याला शिक्षेची जोड दिली. तेव्हा मॉलमध्ये आपल्याला जो प्रश्न कोणी विचारत नाही, तो विचारायला 1950 पासून मनाई आहे.

आता हिंगणा. वेणा नदीकाठचं हे गाव. 1962 साली राज्यात एमआयडीसी स्थापन झाली, त्यानंतर इकडच्या माळरानावर शेड उभ्या राहिल्या, ट्रॅक्टरच्या कारखान्यापासून चार कामगारांच्या वर्कशॉपपर्यंत. इथे जेवणाच्या इतिहासात एक नवीन जागा आली, तिच्याकडे फार कोणी बघत नाही. ती म्हणजे कँटीन. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा कारखाने कायदा सांगत होता की 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथे सरकार कँटीन सक्तीचं करू शकतं. त्याचे नियम वाचण्यासारखे होते. जेवण ना-नफा तत्त्वावर द्यायचं. एका वेळी निदान 30 टक्के कामगार बसू शकतील एवढा हॉल. बायकांसाठी जागा राखीव. भाव ठरवताना कामगारांचे प्रतिनिधी. आमच्या लेखी तर कँटीनचं लांब टेबल ही महाराष्ट्रातली पहिली मोठी सरकारी सहपंगत. स्टीलचं ताट, वरण-भात, आणि समोर कोणीही. इथे शपथ घ्यावी लागली नाही की यादी लपवावी लागली नाही. अर्धा तासच सुट्टी. तेवढ्यात जात काय विचारणार, बाप्पा!

पण 250 ची अट होती ना, तिथे मेख होती. हिंगण्यातले कितीतरी कारखाने लहान. तिथल्या माणसाला डबा, नाहीतर रस्त्यावरची टपरी. ठेकेदाराच्या कामगारांसाठी 2025 पर्यंत 1970 चा वेगळा कायदा होता, त्याची अट शंभराची. मग नव्व्याण्णव माणसं दाखवणारे ठेकेदारही असायचेच. एकाच गेटातून आत जाणारे दोघं, एकाला कँटीनचं ताट आणि दुसऱ्याला झाडाखालचा डबा. पंक्तिप्रपंच गेला म्हणता म्हणता दुसऱ्या दारानं आत आला, आता जातीऐवजी मस्टरवरच्या नावानं.

बायकांबद्दल बोललो नाही तर अर्धा इतिहास राहील. हॉटेलात ‘फॅमिली रूम’ची पाटी तुम्हाला आठवत असेल. लाकडी खण, हिरवट पडदा, वर करकरणारा पंखा. बाई नवऱ्याबरोबर यायची आणि पडद्याआड खायची. एकटीनं हॉटेलात बसणं म्हणजे लोकांच्या तोंडाला विषय. मॉलच्या फूड कोर्टात पडदा नाही. त्या कॉलेजातल्या मुली चौघी जमतात, दोन सूप चौघींत घेतात, दोन तास बसतात, आणि कोणी उठवत नाही. मॉलवर टीका करणाऱ्यांनी, आम्हीही कधीमधी करतो, हे दोन तास हिशेबात धरावेत. तेवढ्यासाठी त्यांच्या आज्यांना आयुष्यभरात जागा मिळाली नव्हती.

एम्प्रेस मिल 1986 मध्ये टाटांच्या हातून सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. कामगार पांगले. त्या जागेवर आता घरं आणि मॉल आहे, नावात एम्प्रेस तेवढं राहिलं. दलदल, मग गिरणी, मग मॉल. सावकाराला आज जमिनीचा भाव सांगितला तर तो काय म्हणेल?

मॉलमध्ये तुमचं नाव-गाव कोणी विचारत नाही. भाव मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत उजळलेला असतो, वर 5 टक्के जीएसटी. दोन सूप आणि दोन सँडविचांत ठेक्यावरच्या कामगाराची बरीचशी रोजी जाते, म्हणून तो मुलगा बहिणीला महिन्यातून एकदाच आणतो. आणि आणखी एक बघा पुढच्या खेपेला. टेबल पुसणारी बाई, दारावरचा गार्ड, ट्रे उचलणारा पोरगा, यांना दुपारी भूक लागतच असेल. त्या दोनशे खुर्च्यांपैकी एकीवर बसून त्यांना खाताना आम्ही अजून पाहिलेलं नाही. मागच्या जिन्यात, नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात डबा उघडलेला दिसतो.

मिलच्या जेवणाच्या सुट्टीचे कागद नाहीत असं मघाशी म्हणालो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजोबांचा मिलचा पितळी डबा, कँटीनचं जुनं कूपन, पगाराच्या चिठ्ठीवर कँटीनची कपात लिहिलेली असेल, तर टाकून देऊ नका. मोबाइलवर फोटो काढा, मागे वर्ष आणि खात्याचं नाव लिहून ठेवा, आणि घरात कोणी मोठं माणूस असेल तर एवढंच विचारा की तेव्हा डबा उघडताना शेजारी कोण बसायचं. आता प्रश्न घेऊ.